डॉ. कमला सोहोनी आणि बटाट्यातले लोह

महाप्रसादाच्या आदल्या रात्री आमच्या मांडवामागे विळ्या आणि सुऱ्या घेऊन माणसे बटाटे चिरायला बसतात. बेळगाव तालुक्याच्या लाल मातीतला बटाटा, पोत्यांनी आणलेला. वडीलधाऱ्या बायकांची सूचना दरवर्षी ठरलेली असते : फोड चिरली की लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळी पडेल. दोन वर्षांमागे एका शाळकरी मुलीने विचारले की काळी का पडते? आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो. कोणी हवा म्हणाले, कोणी लोखंडाच्या सुरीवर दोष ढकलला. त्या प्रश्नाचा माग काढता काढता आम्ही ज्या बाईंपर्यंत पोचलो, त्यांचा परिचय यंदाच्या स्मरणिकेत देत आहोत. दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची आमची पद्धत जुनी आहे; संत झाले, समाजसुधारक झाले, नाटकवाले तर वारंवार झाले. रसायनशास्त्रातल्या व्यक्तीची पाळी मात्र पहिल्यांदाच आली आहे.

कमला सोहोनी हे नाव आपल्याकडे तितकेसे घरोघरी नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचे आहे. दुर्गाबाई भागवत १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, ही आठवण आमच्यातले ज्येष्ठ सभासद अजून सांगतात. कमलाबाई त्यांच्या पाठची बहीण. जन्म १९११ साली, इंदूरला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. हीच पुढे भारतीय विज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली. घरात ज्या संस्थेचे नाव कुलदैवतासारखे घेतले जात होते, तिथेच आपणही जायचे असे या मुलीने ठरवले यात नवल नाही.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान, आणि गुणवत्ता यादीत पहिल्या. जाता जाता एक नोंद : त्याच १९३३ साली बेळगावात लिंगराज कॉलेज सुरू झाले आणि ते त्याच मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे कमला भागवत ज्या विद्यापीठातून बाहेर पडल्या, त्याच विद्यापीठाच्या परीक्षा आपल्या गावची मुले त्यानंतर देऊ लागली. पुढे विद्यापीठही बदलले आणि १९५६ साली राज्यही. ते असो.

पहिल्या आल्या, आता बेंगळुरूला प्रवेश मिळणार हे गृहीतच होते. अर्ज गेला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळून तीनच वर्षे झालेली, देशभर डंका. कारण एकच : अर्जदार मुलगी आहे. वडिलांनी आणि काकांनी रदबदली करून पाहिली, उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बेंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नकाराचे कारण द्या, नाहीतर मी इथेच सत्याग्रहाला बसते. गांधीजींचा काळ होता. हा शब्द पोकळ धमकी म्हणून उच्चारला जात नव्हता.

रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावे लागेल. काम पसंत पडले तरच ते मान्य होईल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीशी आम्ही वाचताना थबकलो. आमच्यातल्या एका आजींनी मात्र मान डोलावली आणि त्यांच्या वेळच्या कॉलेजातही मुलींना असेच काही ऐकावे लागे, असे सांगितले.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली त्यांनी दूध, कडधान्ये आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम केले. गरिबाच्या ताटात मांसमच्छी नसते, त्याचे प्रथिन म्हणजे डाळ. त्या डाळीचे शास्त्र तोवर आपल्याकडे फारसे कोणी मांडले नव्हते. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, नियमित प्रवेश मिळाला. १९३६ साली त्या मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष गुणवत्तेसह उत्तीर्ण झाल्या. त्यानंतर बेंगळुरूच्या त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पण झालेला अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. पुढे अनेक वर्षांनी मुंबईत स्त्री-वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी हे उघड बोलून दाखवले : रामन थोर शास्त्रज्ञ होते, पण या बाबतीत त्यांचे मन संकुचित होते. मोठ्या माणसाबद्दल असे स्वच्छ बोलणे आपल्याकडे विरळा.

१९३७ च्या डिसेंबरात त्या इंग्लंडला केंब्रिजमध्ये पोचल्या. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल मिळालेले. डेरेक रिश्टर यांच्यासोबत कमलाबाईंनी काम सुरू केले ते फिनोलेज नावाच्या विकरांवर. विकर म्हणजे एन्झाइम. आता आमच्या मांडवातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बटाट्यातही याच कुळातले एक विकर असते. फोड चिरली की पेशी फुटतात, विकर आणि फिनॉल जातीची द्रव्ये एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो, आणि त्या द्रव्यांतले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात. उरते ते तपकिरी-काळे रंगद्रव्य. पाण्यात टाकल्यावर हवा तोडली जाते म्हणून फोड पांढरी राहते. आजीबाईंची सूचना म्हणजे इलेक्ट्रॉनची वाट अडवण्याचा उपाय होता, एवढेच.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वळल्या. हिल हे वनस्पतींचे माणूस. त्यांच्याकडे कमलाबाईंचे जे मुख्य काम झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपण श्वास घेतो तो कशासाठी? जेवणातून मिळालेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी स्वाधीन करायचे असतात, आणि तो घेणारा ऑक्सिजन. पण हे एका उडीत होत नाही. तसे झाले तर सगळी ऊर्जा एकदम भडकून वाया जाईल. पेशीत इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतो, जशी विहिरीवरून घागर रांगेने घरी येते. या रांगेतला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. लहानसे प्रथिन, त्याच्या पोटात लोहाचा एकच अणू. इलेक्ट्रॉन आला की लोहाची एक अवस्था, गेला की दुसरी. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली कीटकांचे स्नायू आणि यीस्ट यांत वर्णपटदर्शकातून पाहून सायटोक्रोम ओळखले होते. इलेक्ट्रॉन हातात असला की वर्णपटाच्या हिरव्या भागात, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, एक काळी रेघ ठळक दिसते. इलेक्ट्रॉन पुढे गेला की ती रेघ फिकी पडते.

प्राण्यांत हे पक्के झाले होते. फुलझाडांच्या, पिकांच्या पेशीही याच पद्धतीने श्वास घेतात का, याविषयी मात्र शंका होती. कमलाबाईंनी बटाटा घेतला. वर हिरवे झाड असले तरी जमिनीखालचा बटाटा पांढरा. हरितद्रव्याचा रंग आड येत नाही, म्हणून निवड शहाणपणाची. बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आहे, आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारे विकरही, सायटोक्रोम ऑक्सिडेज, आहे असे त्यांना आढळले. १९३९ साली हिल आणि के. भागवत या दोन नावांनी ही माहिती ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आली. केंब्रिजला पाऊल ठेवल्यापासून चौदा महिन्यांत त्यांनी प्रबंध पुरा केला. टंकलिखित पाने अवघी चाळीसच्या आसपास. जाडजूड प्रबंध म्हणजे विद्वत्ता असे मानणाऱ्यांसाठी आम्ही हा आकडा मुद्दाम देतो. पीएच.डी. मिळाली १९३९ साली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव आहे.

आता एक आडवळण. वाचकांनी क्षमा करावी, पण हे सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही.

इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो म्हणजे नेमके काय होते? विसर्जनाच्या दिवशी वेदगंगेच्या नाहीतर कृष्णेच्या काठावर उभे राहिलेल्यांना हे लवकर कळेल. मूर्ती पायरीवरून तराफ्यावर द्यायची असते. तराफा लाटांबरोबर वरखाली होतो. शहाणे कार्यकर्ते घाई करत नाहीत. तराफा डोलत डोलत पायरीच्या पातळीला आला की त्या क्षणी मूर्ती अलगद पलीकडे. रेणूंतही असेच. अणूंना जोडणारे बंध स्प्रिंगसारखे सतत कंप पावत असतात, एका सेकंदात लाखो कोटी वेळा. इलेक्ट्रॉन अतिशय हलका, अणूंची केंद्रके त्याच्यापुढे हजारो पटींनी जड. इलेक्ट्रॉन उडी मारतो तेवढ्या वेळात ती हलूही शकत नाहीत. म्हणून कंपनांच्या ओघात दोन्ही बाजूंची ऊर्जा एका पातळीला येते तेव्हाच उडी साधते. हा विचार १९५६ साली अमेरिकेत रुडॉल्फ मार्कस यांनी गणितात मांडला. तो लोकांना पटायला वेळ लागला, नोबेल मिळाले १९९२ मध्ये.

लोहाचा सुटा अणू पाण्यात असला तर त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, आणि इलेक्ट्रॉन येता-जाता त्यांचे अंतर बदलते, म्हणजे तराफा फार हेलकावतो. सायटोक्रोम सी मध्ये लोह प्रथिनाच्या कोंदणात इतके घट्ट बसलेले असते की इलेक्ट्रॉन आला काय, गेला काय, आकार जवळजवळ तोच राहतो. म्हणून देवाणघेवाण झटपट होते. कंपनांचा हात किती, हे १९६६ साली फिलाडेल्फियात डेव्हॉल्ट आणि चान्स यांनी एका जिवाणूच्या सायटोक्रोमवर पाहिले. खोलीच्या तापमानाला उडीसाठी सेकंदाचा साधारण दोन दशलक्षांश भाग लागे. थंड करत नेले तसा वेग मंदावत सेकंदाच्या दोन सहस्रांशावर आला, आणि मग शून्याखाली सुमारे १७० अंशांपासून पुढे कितीही गारठवले तरी मंदावेना. ऊब असते तेव्हा कंपने पातळी जुळवून देतात. कडाक्याच्या थंडीतही अणूंची किमान थरथर उरतेच, आणि इलेक्ट्रॉन अडसराच्या आरपार निघून जातो. असे आरपार जाणे पुंजयामिकीतच शक्य.

हे सगळे कमलाबाईंचे काम नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यांनी कंपनांचा अभ्यास केला नाही. तो ज्यांच्या नावावर आहे ते रामन. १९२८ साली त्यांनी दाखवले की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग बदलून बाहेर पडतो, आणि हा बदल रेणूंच्या कंपनांइतका असतो. म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने रेणूची थरथर मोजता येते. नोबेल याच कामाचे. आणि १९७२ च्या सुमारास अमेरिकेत लेसरचा झोत टाकून रामन यांच्या याच पद्धतीने सायटोक्रोम सी तपासले गेले. लोहाभोवतीच्या कड्याचे एक कंपन असे सापडले की लोहाजवळ इलेक्ट्रॉन असला तर त्याची रेघ १३६० च्या आसपास पडते, नसला तर १३७५ च्या जवळ सरकते. वर्णपटाच्या मापात हा फरक छोटा, पण चुकत नाही. पहिल्या रेघेचा अर्थ एका सेकंदात सुमारे ४० लाख कोटी कंपने. इलेक्ट्रॉन आहे की गेला, हे आता कंपनच सांगू लागले.

ज्या गृहस्थांनी मुलगी म्हणून दार लावले, त्यांचा प्रकाश त्या मुलीने बटाट्यात दाखवलेल्या प्रथिनावर असा येऊन पडला. रामन १९७० च्या नोव्हेंबरातच गेले होते. त्यांना हे पाहता आले नाही.

कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. परदेशात राहायची संधी होती. त्या राहिल्या नाहीत. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, मग निलगिरीत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक, जिथे जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इथून पुढचे काम आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळचे.

कच्च्या कडधान्यात असे काही घटक असतात की जे आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला बांधून ठेवतात; मग खाल्लेले प्रथिन पचत नाही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या कडधान्यांतले हे घटक शोधले, मोजले. शिजवल्यावर त्यांचा जोर मोडतो. पावटा, वाल कच्चा खाऊ नये आणि नीट शिजवावा, हे घरोघरी सांगितले जाते त्यामागचे शास्त्र हे. दुसरे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडाची ताजी, न आंबलेली नीरा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना दिली तर प्रकृती सुधारते, तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह चांगले असते, असे त्यांना दिसले. या कामाबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाच्या प्रतीबद्दल त्यांचा सल्ला असे.

एवढे सगळे करूनही संस्थेचे संचालकपद मिळायला चार वर्षे उशीर झाला. कारण पुन्हा तेच, बाई असणे, आणि त्याभोवतीचे राजकारण. शेवटी मिळाले. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती.

निवृत्तीनंतर बहुतेक माणसे नातवंडांत आणि औषधांत रमतात. कमलाबाई भेसळीच्या मागे लागल्या. १९६६ साली मुंबईत काही बायकांनी मिळून ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली होती. तिच्या कामात त्या शिरल्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. केंब्रिजमध्ये शिकलेली बाई हळदीत काय मिसळले आहे आणि मापात किती मारले आहे, याची चौकशी करते, यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

आमच्या मंडळाच्या सभासदांपैकी निम्म्यांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले ते २०२३ साली १८ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, मोबाइलवर गूगलच्या पानावर त्यांचे चित्र झळकले तेव्हा. बेंगळुरू आता आपल्या राज्याची राजधानी, रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येते. बारावी झालेल्या मुलीला तिथे एकटीला पाठवायचे का, ही चर्चा अजून आमच्या कितीतरी घरांत जेवणाच्या वेळी होते. यंदा आमच्या दोन सभासदांच्या मुली तिथे विज्ञान शिकायला गेल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे मांडवात तो बटाट्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीची ताई. महाप्रसादाला ती येणार आहे, आणि फोडी पाण्यात का टाकायच्या हे आता तीच सांगणार असल्याचे आमच्या कानावर आले आहे.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कमलाबाईंचा दिल्लीत सत्कार ठरवला. समारंभामागचा पुढाकार परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांचा. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट चालू असताना त्या कोसळल्या, आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.